आडून आलेला उजेड

आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक कार्ड उभं करून ठेवलेलं असतं. हाताच्या पंजाएवढं, करड्या-चंदेरी रंगाचं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर त्यावर काही म्हणजे काही नाही. पोलराइज्ड गॉगल चढवला की त्याच करड्या जागेतून एक मासा वर येतो, निळा-केशरी, खवल्यांसकट. गॉगल कंपन्या ही कार्डं आम्हाला फुकट देतात, कारण फुटपाथवरची दीडशे रुपयांची काळी काच आणि खरी पोलराइज्ड काच यांतला फरक तोंडाने सांगून कुणाला पटत नाही. मासा दिसला की पटतो. वडिलांच्या काळात ही भानगड नव्हती. ‘थंड काच आहे’ एवढं सांगितलं की गिऱ्हाईक पाकीट काढायचं.

मध्यंतरी एक मुलगी चष्म्याचे नोज पॅड बदलायला आली. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात संशोधन करते म्हणाली. आमचा पोरगा आत स्क्रू आवळत होता तोवर तिने काउंटरवरचा गॉगल उचलला, मासा पाहिला, आणि मग गॉगल डोळ्यांपासून लांब धरून हळूहळू फिरवायला लागली. मासा फिका झाला, गेला, उलट्या रंगांत परत आला. साधं गिऱ्हाईक असं करत नाही.

“काका, आमचं सगळं काम म्हणजे हेच आहे,” ती म्हणाली. “फक्त आमचा मासा पावणेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे.”

तिला घाई होती आणि माझ्यापुढे बायफोकलचं माप घ्यायला एक आजोबा बसले होते. पण वाक्य डोक्यात राहिलं. मी बीएस्सी करून दुकानात बसलेला माणूस. टिळक स्मारकातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या लोकांबरोबर आकाशदर्शनाला जाऊन तारकासमूह ओळखायला शिकलो. (ही संस्था १९४४ सालची, देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सगळ्यांत जुनी. पुण्यात राहून हे सांगितलं नाही तर पाप लागतं.) तेव्हा तिमिंगल हा तारकासमूह आकाशात कुठे असतो ते ठाऊक होतं. त्याच्या पोटात काय आहे ते वाचायचं राहिलं होतं.

तिचा मासा म्हणजे या तिमिंगलातली एक दीर्घिका, इंग्रजीत गॅलक्सी. नाव एनजीसी १०६८. मेसिएच्या यादीत ७७ वी. १७८० मध्ये पिएर मेशँने ती पहिल्यांदा टिपली तेव्हा तो एक धुरकट ठिपका होता, बाकी काही नाही. १९०८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत एडवर्ड फाथने तिचा प्रकाश फाकवून वर्णपट घेतला. सर्पिल तेजोमेघ म्हणजे लांबचे ताऱ्यांचे पुंजके की आणखी काही, हा त्या काळचा वाद. पुंजके असतील तर वर्णपट ताऱ्यांसारखा निघायला हवा. बहुतेकांचा तसा निघालाही. हिच्यात मात्र तेजस्वी रेषा चमकल्या, विरळ तापलेल्या वायूतून निघतात तशा. पुढे १९४३ मध्ये कार्ल सायफर्टने असं लखलखीत केंद्र असलेल्या मोजक्या दीर्घिका एकत्र मांडल्या आणि दाखवून दिलं की यांतल्या रेषा भलत्याच रुंद आहेत. तेव्हापासून अशा दीर्घिकांना त्याचंच नाव आहे.

रेषा रुंद असणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते. वायू आपल्याकडे येत असेल तर ती निळ्या बाजूला सरकते, लांब जात असेल तर तांबड्या बाजूला. ढगांपैकी काही येताहेत, काही जाताहेत, काही आडवे पळताहेत असं असेल, तर रेषा दोन्ही अंगांना पसरते. सेकंदाला तीन हजार किलोमीटर हा वेग प्रकाशाच्या वेगाच्या एक टक्का होतो, आणि तेवढ्याने ती रेषा साडेसहा नॅनोमीटर सरकते. म्हणजे रेषेची रुंदी मोजली की वायू किती जोराने गरगरतोय ते कळलं, आणि इतक्या जोराने गरगरणाऱ्या वायूला धरून ठेवायला मधोमध केवढं वजन हवं त्याचाही अंदाज आला. सूर्याच्या लाखो-कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर तिथे आहे असं आज आपण बिनदिक्कत म्हणतो, त्यातलं बरंचसं म्हणणं या रुंदीच्या जोरावर आहे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला खाचिकियान आणि वीडमन यांनी सायफर्ट दीर्घिकांचे दोन गट पाडले. पहिल्या प्रकारात दोन्ही तऱ्हेच्या रेषा दिसतात. सेकंदाला हजारो किलोमीटर वेग सांगणाऱ्या रुंद, आणि त्यांच्यावर बसलेल्या काही शेकड्यांच्या अरुंद. दुसऱ्या प्रकारात नुसत्या अरुंद. रुंद रेषा देणारा वायू कृष्णविवराच्या अगदी लगत असतो, प्रकाशाला ओलांडायला काही दिवस किंवा फार तर काही महिने लागतील एवढ्याच जागेत. अरुंद रेषांचा वायू शेकडो, कधी हजारो प्रकाशवर्षं बाहेर पसरलेला असतो. एनजीसी १०६८ दुसऱ्या प्रकारात गेली. तिला जवळचा, वेगवान वायू नाहीच, असं त्या वर्गीकरणाचं सरळ वाचन होतं. आणखीही एक वाचन शक्य होतं. वायू आहे, पण मध्ये काहीतरी आडवं आलंय.

आता हे ठरवायचं कसं? दीर्घिका फिरवून बघता येत नाही. आपण दुसरीकडे जाऊन बघावं तर त्याला पावणेपाच कोटी वर्षांचा प्रवास. इथे पोलराइज्ड काच कामाला आली.

प्रकाश सरळ येतो तेव्हा त्याची कंपनं सगळ्या दिशांना सारखी वाटलेली असतात. तो कशावरून तरी परावर्तित झाला किंवा विखुरला, की त्यातली एक दिशा वरचढ होते. यालाच प्रकाश ध्रुवित, म्हणजे पोलराइज्ड, झाला असं म्हणतात. १८०८ मध्ये एतिएन मालुस पॅरिसमध्ये एक स्फटिक हातात धरून खेळत होता आणि समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर मावळता सूर्य चमकत होता. स्फटिक फिरवला तशी खिडक्यांतली चमक कमीजास्त झाली. हे स्वतः बघायचं असेल तर नोव्हेंबरात, पाऊस धुऊन गेलेल्या स्वच्छ संध्याकाळी, वेताळ टेकडीवर जावं. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर न लावता एक काच डोळ्यासमोर धरून, सूर्य मावळताना, बरोबर डोक्यावरच्या आकाशाकडे बघावं आणि काच फिरवावी. एका स्थितीत आकाश चांगलंच गडद होतं, पाव वळण दिलं की उजळतं. सूर्याकडे किंवा त्याच्या बरोबर समोर, पूर्वेच्या क्षितिजाकडे बघितलं तर हा खेळ जवळजवळ होत नाही. काटकोनात वळून आलेला उजेड सर्वांत जास्त ध्रुवित असतो, आणि त्याच्या कंपनाची दिशा त्याने घेतलेल्या वळणाच्या प्रतलाला आडवी असते. टेकडीवर फिरायला येणारे लोक अशा वेळी आपल्याकडे काय नजरेने बघतात ते मी लिहीत नाही.

म्हणजे प्रकाश ध्रुवित आहे, एवढं कळलं की तो सरळ आलेला नाही, आडून आलाय हे कळतं. आणि कंपनाची दिशा कळली की कोणत्या बाजूने वळून आलाय तेही कळतं.

लिक वेधशाळेतच, तीन मीटरच्या दुर्बिणीवर, रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी एनजीसी १०६८ चा वर्णपट घेतला, पण ध्रुवित प्रकाश वेगळा काढून. १९८५ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. साध्या वर्णपटात अरुंद रेषा. ध्रुवित प्रकाशाच्या वर्णपटात, त्याच जागी, हायड्रोजनच्या ऐसपैस रुंद रेषा, सोबत लोहाच्या. पहिल्या प्रकारच्या सायफर्टचा हुबेहूब वर्णपट, दुसऱ्या प्रकारच्या दीर्घिकेच्या आत. कार्डावरचा मासा!

मला यातला सर्वांत देखणा भाग मासा दिसण्यात वाटत नाही. त्यानंतर जे हिशेब केले त्यात वाटतो. दीर्घिकेतल्या साध्या ताऱ्यांचा प्रकाश वजा केल्यावर केंद्राकडच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण भरलं १६ टक्के. आणि ते निळ्यापासून तांबड्यापर्यंत सारखंच. धूळ उजेड विखुरते तेव्हा रंगागणिक फरक करते, आपलं आकाश निळं आणि मावळती तांबडी असण्यामागे तसलाच भेदभाव आहे. कसलाही भेदभाव न करता सगळे रंग सारखेच विखुरणारी एक गोष्ट म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन. तेव्हा आतला प्रकाश आपल्याकडे वळवणारा आरसा इलेक्ट्रॉनांचा. शिवाय रुंद रेषांचं ध्रुवीकरण आणि त्यांच्या पाठीमागच्या, सगळ्या रंगांत सलग पसरलेल्या अखंड प्रकाशाचं ध्रुवीकरण एकसारखं निघालं, दिशाही तीच. म्हणजे दोन्ही एकाच जागेतून निघून एकाच आरशावर आपटून आले.

आणि ती दिशा. या दीर्घिकेच्या केंद्रातून एक झोत निघतो, रेडिओ दुर्बिणींना तो दिसतो. ध्रुवीकरणाची दिशा या झोताला काटकोनात निघाली. वळणाच्या प्रतलाला कंपन आडवं असतं हे धरलं तर प्रकाश झोताच्या वाटेने वर निघाला आणि तिथून आपल्याकडे वळला, असा अर्थ होतो. तर आडवं आलेलं जे काही आहे ते कमरेभोवती आहे आणि वरखाली तोंड उघडं आहे. धुळीचं आणि वायूचं जाड कडं. आपण त्याच्याकडे कडेने बघतोय म्हणून मधलं झाकलंय. वरून बघितलं असतं तर हीच दीर्घिका पहिल्या प्रकारात मोडली असती. एक कोन मोजून पावणेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या कड्याचा कल सांगितला या लोकांनी. आमच्याकडे सिलिंडरच्या नंबरासोबत ॲक्सिस, म्हणजे त्याचा कोन, लिहावाच लागतो, आणि तो दहा अंश चुकला तर डोकं धरून गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर. म्हणून मला कोनाबद्दल जरा जास्त आदर आहे.

हा आरसा काही फार चांगला नाही. आतल्या प्रकाशाचा सुमारे शंभरावा भाग तो आपल्याकडे पाठवतो. आणि तो चित्र बिघडवतोही. हे बिघडवणं पकडलं मिलर, गुडरिच आणि मॅथ्यूज यांनी, १९९१ मध्ये. एनजीसी १०६८ च्या केंद्रापासून थोडी दूर, ईशान्येला, एक उजळ गाठ आहे. तिथे धूळ आहे, आणि तीही आतला उजेड विखुरून आपल्याकडे पाठवते. दुसरा आरसा. त्या धुळीच्या आरशात हायड्रोजनच्या रुंद रेषेची रुंदी सेकंदाला सुमारे २,९०० किलोमीटर भरली. केंद्राजवळच्या इलेक्ट्रॉनांच्या आरशात तीच रेषा सुमारे साडेचार हजारांची. एकाच वस्तूची दोन प्रतिबिंबं, रुंदी वेगळी. कारण धुळीचे कण जड आणि सुस्त असतात, त्यांच्यात रेषा फारशी फाकत नाही. इलेक्ट्रॉन हलके असतात, तापले की स्वतःच हजारो किलोमीटर वेगाने धावतात, आणि आपटून गेलेल्या प्रकाशात आपला वेग मिसळून देतात. दोन रुंद्यांच्या फरकावरून त्या इलेक्ट्रॉनांचं तापमान निघालं तीन लाख अंशांच्या आसपास. खोटं किती बोलतोय यावरून आरशाचा ताप मोजला! हा परिच्छेद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दुकान वाढवायची वेळ झाली होती, पोरगा शटर खाली ओढायला काठी घेऊन उभा होता, आणि मी त्याला पाच मिनिटं तसाच उभा ठेवला.

ध्रुवित प्रकाश मोजायच्या उपकरणांबद्दल दोन शब्द, धंद्यातला माणूस म्हणून. आमच्या काचेत एक दिशा पास होते आणि दुसरी शोषली जाते, म्हणजे निम्मा उजेड वायाच. खगोलशास्त्रज्ञांना निम्मा उजेड टाकणं परवडत नाही. ते वोलॅस्टन प्रिझम वापरतात. तो दोन्ही दिशांचे किरण दोन बाजूंना वेगळे करून देतो, दोन्ही मोजायचे. त्याच्या आधी एक पट्टिका असते, ती साडेबावीस अंशांच्या टप्प्याने फिरवत पुन्हा पुन्हा मोजायचं, म्हणजे उपकरणाची स्वतःची खोड कापली जाते. हा वोलॅस्टन म्हणजे १८०२ मध्ये सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा पहिल्यांदा पाहणारा विल्यम हाइड वोलॅस्टन. आणि याच गृहस्थाने १८०४ मध्ये चष्म्याच्या बाकदार काचेचं पेटंट घेतलं, कडेने बघतानाही नीट दिसावं म्हणून. आज आम्ही विकतो त्या प्रत्येक काचेला जो बाक असतो त्याच्या पूर्वजांत हा माणूस आहे. आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत मी हे सांगितलं. जीएसटीच्या विषयाला त्यापेक्षा जास्त दाद मिळाली.

पुण्यालाही या विद्येचं वावडं नाही. आयुका, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातलं खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठीय केंद्र. स्थापना १९८८ मधली, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिथल्या मंडळींनी १९९०च्या दशकातच ध्रुवीकरण मोजायचं उपकरण स्वतः तयार केलं. पुढे २००६ मध्ये जुन्नरच्या वाटेवर गिरवलीला दोन मीटरची दुर्बीण उभी राहिली. आता वालोप नावाची मोठ्या क्षेत्राची ध्रुवीकरणमापक यंत्रं याच आवारात घडवली जात आहेत. त्यांचं लक्ष आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीवर आहे, तीही फार दिवसांची आडकाठी आहे. विज्ञान दिनाला आयुका सगळ्यांसाठी उघडी असते. माझी मुलगी लहान होती तेव्हा तिला घेऊन मी तिथे रांगेत उभा राहिलोय. तिला फूकोचा लंबक आवडला, मला कँटीनचा चहा.

असो. १९८५ नंतर काय झालं ते सांगायला हवं, कारण खरी भांडणं तिथून सुरू होतात.

एका दीर्घिकेत झाकलेला भाग सापडला म्हटल्यावर लोक दुसऱ्या प्रकारातल्या बाकीच्यांकडे वळले. काहींमध्ये सापडलाही. १९९३ मध्ये अँटोनुचीने सगळ्याचा मोठा आढावा लिहिला आणि एकच सांगाडा, वेगवेगळे कोन, ही मांडणी घट्ट बसली. आकर्षक मांडणी आहे, पाठ्यपुस्तकात एका आकृतीत मावते. पण जसजशी यादी वाढली तसं दिसायला लागलं की दुसऱ्या प्रकारच्या सगळ्याच दीर्घिका काही मासा दाखवत नाहीत. बरीच वर्षं हा आकडा ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास रेंगाळला. उरलेल्यांचं काय? हिएन ट्रॅन यांनी २००१ आणि २००३ मध्ये मोठ्या नमुन्यांवर काम करून म्हटलं, की ज्यांच्यात सापडत नाही त्यांची केंद्रं मुळातच दुबळी दिसतात, त्यांची जातच वेगळी असावी. सिद्धांतवाल्यांनीही त्याला टेकू दिला. कृष्णविवरात पडणारा माल फार कमी झाला तर रुंद रेषांचा वायू तयारच होणार नाही, असं निकास्त्रो यांनी २००० मध्ये मांडलं होतं. २००६ मध्ये एलिट्झुर आणि श्लॉसमन यांनी धुळीचं कडंही अशा वेळी विरून जाईल असं दाखवलं.

मला हे वाचताना एक खुपत राहिलं. केंद्र दुबळं असेल तर त्याचा विखुरलेला उजेडही दुबळा. शंभरावा भाग, त्यातलाही ध्रुवित अंश, त्यावर दीर्घिकेतल्या अब्जावधी ताऱ्यांचा साधा प्रकाश सांडलेला. थोडा वेळ दुर्बीण लावून बसलात तर नेमक्या दुबळ्यांमध्येच सापडणार नाही! मग ‘दुबळ्यांत नसतो’ हा निष्कर्ष दीर्घिकांबद्दलचा की दुर्बिणीवर मिळालेल्या तासांबद्दलचा? हा आक्षेप माझ्या डोक्यातला नाही, त्या काळात तज्ज्ञांनीही घेतला होता. पण तक्त्यात एकदा ‘नाही’ असा शिक्का बसला की पुढचा माणूस तो शिक्का मोजतो, त्यामागचे तास मोजत नाही. आमच्याकडेही कार्डात मासा दिसत नाही म्हणून गॉगल खोटा ठरवणारे येतात. दहापैकी नऊ वेळा कार्ड आडवं धरलेलं असतं, किंवा उन्हात राहून त्याचा पापुद्रा सुटलेला असतो.

२०१६ मध्ये क्रिस्तिना रामोस आल्मेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या ८.२ मीटरच्या व्हीएलटी दुर्बिणीवर पंधरा दीर्घिका नव्याने तपासल्या. त्यांतल्या चार आधी ‘नाही’ म्हणून नोंदलेल्या, पाचांमध्ये आधी सापडलेलं, सहांचं असं निरीक्षण कधी छापलेलंच नव्हतं. पंधरापैकी अकरांमध्ये झाकलेल्या रुंद रेषा पक्क्या मिळाल्या, म्हणजे ७३ टक्के. आणखी एकीत अंधुक. ‘नाही’च्या शिक्क्यावर उभारलेल्या आधीच्या तुलना आता शंकास्पद आहेत, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं.

यापेक्षा मजेदार प्रकरण एनजीसी ३१४७ चं. ही सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर, कालेय तारकासमूहात. हिचं केंद्र क्ष-किरणांत उघडं दिसतं, मध्ये धूळ आहे असं वाटतच नाही, आणि तरी रुंद रेषा नाहीत. ज्यांना ‘खरोखरच नाही’ म्हणता येईल अशा दीर्घिकांच्या यादीत ही वरच्या नंबरावर होती. स्टेफानो बियांकी आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने तिच्यावर नजर लावली. हबलचा फायदा असा, की तिची फट अगदी बारीक ठेवता येते, कोनाच्या सेकंदाचा, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाचा, दहावा भाग. त्यामुळे केंद्राभोवतीच्या ताऱ्यांचा बराचसा उजेड बाहेरच राहतो. २०१९ मध्ये निकाल आला. रेषा होती. आणि इतकी रुंद, सेकंदाला सुमारे २७,००० किलोमीटर, की जमिनीवरच्या दुर्बिणींतून ती ताऱ्यांच्या प्रकाशात पसरून दिसेनाशी झाली होती. शोधणारे टेकडी शोधत होते, आणि इथे पठार होतं. तिचा आकारही एकांगी, येणाऱ्या बाजूला उजळ. कृष्णविवराला खेटून फिरणाऱ्या पातळ चकतीत, प्रकाशाच्या दशांशाहून अधिक वेगाने धावणाऱ्या वायूकडून सापेक्षतावादाला अपेक्षित असतो तसा. यात ध्रुवीकरणाचा संबंधच नाही. झाकलेलंही नव्हतं. नुसतं जास्तच पसरट होतं.

इतकं झाल्यावर मी सगळं त्याच बाजूला झुकवलं असतं, की ‘नाही’ म्हणणारे उतावळे. पण मार्केरियन १०१८ मला तसं करू देत नाही. हीही तिमिंगलातलीच, एनजीसी १०६८ पासून आकाशात फार लांब नाही, प्रत्यक्षात मात्र कितीतरी मागे. १९८०च्या दशकात तिचा वर्णपट बदलला. रुंद रेषा जेमतेम असलेली दीर्घिका उघड पहिल्या प्रकारची झाली. तीसेक वर्षं तशी राहिली. २०१५ च्या निरीक्षणांत रुंद रेषा परत ओसरल्या होत्या. पहिला संशय धुळीवर जाणार, एखादा ढग आडवा गेला असेल. तपास केला तर तसं नव्हतं. क्ष-किरणांत आडोशाची खूण नाही. मधली भट्टीच मंदावली होती, आणि भट्टी मंदावल्यावर रुंद रेषांचा वायू उजळायला काही उरलं नव्हतं. म्हणजे काही ठिकाणी ‘नाही’ हे खरंच ‘आत्ता नाही’ असतं, आणि माणसाच्या एका नोकरीच्या काळात ते बदलतं. निकास्त्रो वगैरे मंडळी म्हणत होती ते हवेतलं नव्हतं.

एनजीसी १०६८ वर मात्र अजून चहूबाजूंनी माणसं तुटून पडतायत. २०२२ मध्ये व्हीएलटीच्या चार दुर्बिणी जोडून केलेल्या मोजणीत केंद्राभोवतीचं धुळीचं जाड कडं आणि त्यामागे लपलेलं कृष्णविवर कुठे आहे याचा नकाशा निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात पुरलेल्या आइसक्यूब शोधकाने जाहीर केलं की या दीर्घिकेच्या दिशेने ७९ न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, जास्तीचे आलेत. न्यूट्रिनोंना धूळ दिसतही नाही. कड्याच्या आरपार, सरळ, आरशाबिरशाची मदत न घेता ते आले. ही बातमी वाचून त्या मुलीला काय वाटलं असेल, इतकी वर्षं आरसे पुसत बसलेल्या जमातीतली ती!

कुणाला ही दीर्घिका बघायची असेल तर डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास ती पुण्याच्या आकाशात सर्वांत उंच असते, डोक्यावरच्या बिंदूपासून दक्षिणेला साधारण साडेअठरा अंश. तिमिंगलातल्या ‘डेल्टा’ ताऱ्याला खेटून. तिची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका ठिपका मंद) नऊच्या आसपास आहे, तेव्हा शहरातून नाद सोडा. पानशेतच्या पुढे किंवा वेल्ह्याकडे जायला लागतं, आणि सहा इंची दुर्बीण असली तर मेशँला दिसला तोच धुरकट ठिपका दिसतो. मागच्या हिवाळ्यात तिथे एकाने मला विचारलं, “अहो, तुमच्याकडची ती पोलराइज्ड काच या दुर्बिणीला लावली तर?” लावून पाहिली. ठिपका आणखी मंद झाला, कारण आमची काच निम्मा उजेड खाते.